चिखल, लांब लेन्स आणि रेवाचा चेहरा

बेगम बाजारातल्या एका घाऊक दुकानात मी पंधरवड्यापूर्वी आंघोळीच्या वेळी डोक्याला घालायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या मागितल्या. दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे. तिथे केस म्हणावेत असं फारसं काही उरलेलं नाही, जे आहे ते कानांच्या मागे लपलेलं आहे. त्याने गल्ल्यावरून मान पुढे काढून विचारलं, "क्या साब, पार्लर खोल रै क्या?" मी म्हणालो, "नै भाई, कॅमेरे को पिन्हाना है." त्यावर त्याने जास्त चौकशी केली नाही. बेगम बाजारातून माणसं याहूनही अजब कारणांसाठी माल नेत असणार. एकदोन टोप्या सुट्या मिळणार नाहीत, अख्खं पुडकं घ्यावं लागेल, एवढंच तो म्हणाला. मी घेतलं. गुलाबी, पिवळ्या, फुलाफुलांच्या, कडेला रबर लावलेल्या टोप्यांचं ते पुडकं काखेत मारून बाहेर आलो तर गल्लीत मिरच्यांच्या पोत्यांवर ताडपत्र्या ओढायची घाई चालली होती. ठसका आणि ओल्या गोणपाटाचा वास एकत्र नाकात शिरला, मला एक सणसणीत शिंक आली आणि गेल्या वर्षीचा अख्खा पावसाळा त्या शिंकेबरोबर डोळ्यांसमोर उभा राहिला.

गेल्या वर्षीचा माझा पावसाळा मोटरसायकलींच्या शर्यतीत गेला. शर्यत मी लावली नाही, माझ्या हातून सायकलसुद्धा फार वेगात कधी गेली नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. घर तारनाक्याला. तलावाकाठी बसून पक्ष्यांचे फोटो काढणं हा माझा छंद. तासन्‌तास हलायचं नाही, बोलायचं नाही, पाणकावळ्याला आपली सावलीसुद्धा दिसू द्यायची नाही, अशी माझी करमणूक. बायको नलिनी त्याला 'तुमचं मौनव्रत' म्हणते.

आणि आमची मुलगी रेवा. आठवडाभर गच्चीबावलीच्या बाजूला एका कंपनीत संगणकासमोर बसते आणि रविवारी चिखलातल्या शर्यतींत मोटरसायकल पळवते. हे आमच्याकडे कुठून आलं, कोणालाच सांगता येत नाही. माझे वडील वकील, आजोबा वकील. आमच्या घरात वेगाने चालायची ती फक्त तोंडं. रेवा कॉलेजात असताना तिची जुनी स्कूटर सारखी बंद पडायची. ती दुरुस्त करायला ती मस्तानभाईंच्या गॅरेजात जाऊ लागली. मस्तानभाई शर्यतीच्या गाड्या तयार करतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर मुलीच्या नखांत ग्रीस मुरलं होतं.

"बच्ची बहोत अच्छा चलाती साब," मस्तानभाई मला पहिल्या भेटीत म्हणाले. "डरती नै. बस, थोडा सुनती नै."

"वो तो घर में भी नै सुनती," मी म्हणालो. तेव्हापासून आमचं जमलं.

नलिनीचं मात्र जमेना. लोकांना वाटायचं, पडेल झडेल म्हणून आई घाबरते. तसं नव्हतं. नलिनी उदगीरकडच्या शेतकऱ्याच्या घरातली. लहानपणी झाडावरून, बैलगाडीवरून, एकदा तर म्हशीवरूनही पडलेली. हाडं मोडतात आणि जुळतात यावर तिचा गाढ विश्वास आहे. तिची काळजी वेगळीच होती. रेवाच्या पहिल्या शर्यतीआधी आमच्या एका नातेवाइकाने जेवताना सगळ्यांदेखत म्हटलं होतं की हे मुलींचं काम नव्हे, चार दिवसांत उतरेल. रेवा तेव्हा ताटातली चटणी बोटाने पसरवत बसली. नलिनीने ते पाहिलं होतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये रेवा म्हणाली की मस्तानभाईंची टीम हिवाळ्यात दुसऱ्या शहरांतल्या शर्यतींना जाणार आहे आणि तिलाही जायचं आहे. मी लगेच मान हलवली, कारण मला मान हलवण्यापलीकडे घरात फारसे अधिकार नाहीत. नलिनी रात्रीची भांडी आवरत होती. ती म्हणाली, "आधी मला तिचं तोंड दाखवा."

"म्हणजे?"

"गाडीवर असतानाचं. शर्यत चालू असतानाचं. घरी येऊन ही सदा मस्त झालं, मस्त झालं म्हणतीय. मला त्यातून काय कळंना. पोरगी हे हट्टानं करायलीय का हौसेनं, एवढंच मला बघायचंय. हौस असंल तर जाऊ दे कुठंबी. हट्ट असंल तर कुणाला तरी दाखवायच्या नादात हाडं मोडून घ्यायची कशाला?"

"तू चल की बघायला," रेवा म्हणाली.

"मी नाही येत. मी आले की तू माझ्यासाठी तोंड करशील. तुझ्या बाबांना फोटो काढू दे. ते झाडात बसतात, कुणाला दिसत नाहीत."

अशा रीतीने पाणकावळ्यांच्या छायाचित्रकाराला मोटरसायकली मिळाल्या. काम एका ओळीचं होतं. शर्यतीत असलेल्या माझ्या मुलीचा चेहरा दिसेल असा एक फोटो आणायचा, आणि तिचं पुढचं सगळं त्या फोटोवर ठरणार. मला वाटलं, दोन रविवारांत आटपेल. अख्खा पावसाळा गेला.

शर्यतीचं मैदान शहराबाहेर, एका बंद पडलेल्या खाणीच्या कडेला आहे. लाल मुरमाची जमीन, यंत्राने रचलेले मातीचे उंचवटे, गरागरा वळणं आणि भोवती बांबूंना बांधलेली हिरवी जाळी. पाऊस पडला म्हणून ही मंडळी शर्यत रद्द करत नाहीत, उलट खूश होतात. पावसात तो मुरूम आधी चकाकतो, मग फुगतो आणि मग भिजवलेल्या कणकेसारखा चाकांना चिकटतो. एकदम सगळ्या गाड्या सुरू होतात तेव्हा आवाज कानात नाही, बरगड्यांत ऐकू येतो. हवेत पेट्रोल, जळका रबर, ओली माती, आणि पलीकडच्या टपरीवर तळल्या जाणाऱ्या मिरची भज्यांचा वास. मी निसर्गप्रेमी माणूस, मला हा वास आवडायला नको होता. पण आवडला, अगदी पहिल्या दिवसापासून, आणि तो शर्टाला लागून घरी यायचा तेही आवडायचं.

पहिल्या रविवारी मी पक्ष्यांच्या सवयीने फोटो काढले. उडता पक्षी टिपायचा तर कॅमेऱ्याचं शटर अतिशय वेगाने उघडून मिटावं लागतं, म्हणजे पंखाचं पीस न्‌ पीस थांबतं. मी तसंच केलं. पावसाचा थेंब न्‌ थेंब हवेत थांबला, चाकाची तार न्‌ तार मोजता आली. मी छाती फुगवून रेवाला दाखवलं.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी उभी दिसतेय. मी काय तारनाक्याच्या सिग्नलला थांबलेय का?"

खरंच तसं दिसत होतं. मग मी शटर सावकाश ठेवून, गाडी जाईल तसा कॅमेरा तिच्याबरोबर फिरवायला शिकलो. म्हणजे मागचं सगळं पुसट होतं आणि गाडी धावताना दिसते. हे शिकायला मी आमच्या गच्चीवर उभा राहून खालून जाणाऱ्या रिक्षांवर कॅमेरा फिरवत असे. शेजारच्या बाईंनी नलिनीला हळूच विचारलं, साहेबांना पोलिसांत काही काम मिळालंय का.

फोटोत गाडी धावू लागली, पण चेहरा कुठे होता? हेल्मेट, त्यात मोठा चश्मा, त्यावर चिखल. मी ठरवलं, आपली लेन्स कमी पडते. छायाचित्रकाराला अडचण आली की तो आधी लेन्सकडे बोट दाखवतो, हा आमच्या पंथाचा धर्मच आहे. सुलतान बाजारात एका अरुंद जिन्यावर लेन्स भाड्याने देणारं दुकान आहे. खाली साड्यांची दुकानं, पुस्तकांची दुकानं, बसचे भोंगे, आणि वर काचेच्या कपाटांत मखमलीवर निजलेल्या लेन्सा. मी तिथे इतक्या वेळा गेलो की दुकानदार मला पाहून चहा सांगू लागला. ही जास्त लांबचं ओढते पण जड आहे. ती हलकी आहे पण ढगाळ उजेडात डोळे मिचकावते. हिची सांधेजोड पावसात टिकते, तिच्यात पाणी शिरतं. आम्ही दोघे त्या लेन्सांबद्दल अशा स्वरात बोलायचो की जिन्यातून जाणाऱ्याला वाटावं, आत कोणाचं तरी लग्न ठरतंय. शेवटी मी सगळ्यात लांब लेन्स उचलली. ती एवढी मोठी होती की तिला स्वतंत्र एक पाय लावावा लागे. माझ्याकडे एक छोटी, जवळचे फोटो काढायची लेन्स होती, ती मी कपाटात ठेवून दिली.

नलिनीने ती तोफ पाहिली. "एवढ्या लांबून बघायला एवढं मोठं लागतंय," ती म्हणाली, "त्यापेक्षा जवळ जायचं की."

"जवळ गेलं की बुजतात," मी म्हणालो.

"कोण बुजतंय? ती पोरगी आहे, बगळा नाही."

मी तिला दृष्टिकोन, अंतर, प्रकाश वगैरेंवर एक छोटं व्याख्यान दिलं. तिने ते तांदूळ निवडत ऐकलं. त्याच तांदळाच्या डब्यात दुसऱ्या दिवशी तिला माझी लेन्स सापडली, दमटपणा शोषला जावा म्हणून मी पुरून ठेवलेली. त्या प्रसंगावर मी इथे जास्त लिहीत नाही.

त्याच सुमारास रेवाच्या बालपणीच्या फोटोंचा डबा काढला असता त्यात माझ्या आईवडिलांचा एक फोटो हाती लागला. लग्नानंतर लगेच, सुलतान बाजारातल्याच एका स्टुडिओत काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेला जिना आणि कारंजं. दोघंही कोर्टात निकाल ऐकायला उभी असावीत अशी. आई पुढे आयुष्यभर हसत राहिली, ती हसली की तिचं पोट दुखायचं, हे आम्ही पाहिलेलं. पण त्या फोटोत तिला या माणसाबरोबर राहायची हौस होती का, की घरच्यांचा हट्ट होता, काही म्हणजे काही कळत नाही. मी बराच वेळ तो फोटो खिडकीशी धरून बघत होतो. नलिनी काय मागतेय हे मला तेव्हा नीट समजलं, आणि मग मला त्या कामाची भीती वाटू लागली.

कारण जुलै गेला, ऑगस्ट गेला आणि माझ्याकडे रेवाचे शेकड्यांनी फोटो होते, पण त्यांतल्या एकातही रेवा नव्हती. हेल्मेट होतं. हिरवट शर्ट आणि टोपी घालून मी निलगिरीच्या झाडाखाली बसायचो, जाळीपासून दूर. शर्यत संपल्यावर रेवा विचारायची, "बाबा, आलेले का तुम्ही? दिसलेच नाही." मला ते कौतुक वाटायचं. थंड गाडीतून उतरलं की दमट हवेत लेन्सवर धुकं धरतं, म्हणून मी मैदानापर्यंत काचा उघड्या ठेवून भिजत जायचो. तेही मला आपण फार जाणते झाल्याचं लक्षण वाटायचं.

या शर्यतींतली एक पद्धत मला फार आवडली. चश्म्याच्या काचेवर पातळ पारदर्शक पापुद्रे एकावर एक लावलेले असतात. चिखल उडून दिसेनासं झालं की स्वार एक हात सोडून वरचा पापुद्रा ओढून फेकून देतो. खाली दुसरा स्वच्छ असतोच. दुरून वाटतं, पोरं गाडी चालवता चालवता डोळे पुसतायत. जास्त पाऊस असला की शर्यत संपायच्या आधीच पापुद्रे संपतात. मग काय, असं मी मस्तानभाईंना विचारलं.

"फिर चश्मा उतार के फेंको, और अल्ला का नाम लेको चलाओ," ते म्हणाले.

मोसमातली शेवटची शर्यत सप्टेंबरात होती. आदल्या रात्रीपासून धो धो कोसळत होतं. सकाळी मी ती तोफ गाडीत ठेवत होतो तर नलिनी जुनी साडी नेसून, पदर खोचून दारात उभी.

"मी येते. रेवाला सांगू नका. तुमच्याबरोबर झाडात बसते."

"मी आज काढतोच चेहरा."

"काढा. मी नुसतं सोबत येते."

मैदानावर पोचल्यावर तिने चपला काढून हातात घेतल्या. मी बूट घालून दर पावलाला घसरत होतो आणि ती अनवाणी, बोटं आधी रोवत, सरळ चालत निघाली. "आमच्याकडची काळी माती यापेक्षा वंगाळ," ती खुशीत म्हणाली. "ही लाल आहे, ही पाय तरी परत देतीय." खूप वर्षांनी मी तिला तशी चालताना पाहत होतो. पावसात भिजत, साडी पोटऱ्यांपर्यंत वर, आणि चेहऱ्यावर म्हशीवरून पडलेल्या त्या मुलीचा उद्योगीपणा.

शर्यत सुरू झाली. नवशिक्यांच्या गटात मुलं, मुली एकत्रच धावतात. रेवाच्या टीमचा वंशी नावाचा एक तरुण होता, उप्पलकडचा. दोघांच्या गाड्या सारख्या, निळे अंगरखे सारखे, फरक फक्त नंबराचा. मी लेन्समधून रेवाचा नंबर धरला आणि सोडला नाही. पहिल्या फेरीनंतर तो नंबर चिखलाने गेला, पण मी पक्का होतो. गाडी उंचवट्यावरून उडाली, मी टिपली. वळणावर झुकली, टिपली. चिखलाचा पंखा उडाला, पावसाची जाळी, मागची झाडं पुसट आणि मधोमध गाडी लखलखीत. असे फोटो मी जन्मात काढले नव्हते. आणि ती दुसऱ्या नंबरावर होती!

"नलू, दुसरी! दुसरी आहे ती!" मी मौनव्रत सोडून ओरडलो.

नलिनीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "ती आपली नाही."

"अगं, मी सुरुवातीपासून धरलंय तिला."

"दुसऱ्याच कुणाला तरी धरलंय. आपली ती बघा, मागं. शेवटून दुसरी."

"एवढ्या लांबून तुला कसं कळलं? सगळ्यांच्याच मातीच्या बाहुल्या झाल्यात."

"डावं कोपर बघा की. लहानपणी ताटावर बसली की शेजारच्याच्या भाजीत कोपर घालायची. अजून तसंच बाहेर काढतीय."

मी लेन्स मागे वळवली. चिखलाचा एक गोळा, आणि त्याचं डावं कोपर, आमच्या जेवणघरातलं ते कोपर, बाहेर आलेलं. मी सुरुवातीपासून वंशीचे फोटो काढत होतो. रेवा मधेच कुठेतरी पडून, उठून, पुन्हा निघाली होती आणि मला पत्ता नव्हता.

नलिनी तोवर जाळीकडे निघाली होती. मी तोफ खांद्यावर घेऊन मागे, घसरत, धडपडत. जिथे वळण अगदी आवळून जाळीजवळ येतं आणि गाड्या हळू होतात, तिथे ती बांबूला धरून उभी राहिली. पुढची सगळी मंडळी केव्हाच निघून गेली होती. मग एकटीच रेवा आली. तिचे पापुद्रे संपले होते, चश्मा तिने कुठेतरी फेकून दिला होता. हेल्मेटच्या चौकोनात उघडे डोळे होते. ती आमच्यापासून हाताच्या अंतरावरून गेली. तिने आम्हाला पाहिलं नाही, तिची नजर वळणावर होती. मी बटण दाबलं. लांब लेन्सला इतक्या जवळचं दिसत नाही. ती घर्र घर्र करत पुढे मागे सरकत राहिली आणि मला दिसला नुसता तपकिरी धूर. मग मागच्या चाकाने आम्हा दोघांना डोक्यापासून पायापर्यंत सारवून काढलं.

मी तिथेच चिखलात बसलो. अख्ख्या पावसाळ्याचा एकच फोटो होता तो, आणि तो गेला होता. मला रडू आलं हे मी उघड सांगतो. पावसात आणि चिखलात कोणाला दिसलं नाही, हे त्या दिवसाचे उपकार.

"नाही आला," मी म्हणालो. "नलू, फोटो नाही आला."

मी वर पाहिलं. तिच्या चेहऱ्याचं काही दिसत नव्हतं, फक्त दात दिसत होते. ती हसत होती.

"पोरगी हसत होती हो," ती म्हणाली. "एकटीच. शेवटून दुसरी, तोंडात माती, कुणी बघंना, आणि डोळे मिटंस्तोवर हसायलीय. हट्टानं पळणारं माणूस मागं पडल्यावर असं हसत नसतंय. जाऊ दे तिला. कुठं जायचंय तिकडं जाऊ दे."

शर्यतीनंतर रेवाने आईला पाहिलं तेव्हा आधी तिने ओळखलंच नाही. चिखलात दोन माणसं उभी, त्यातलं एक साडीत, एवढंच तिला कळलं. मग "आई? तू?" असं ती इतक्या जोरात किंचाळली की मस्तानभाईंच्या हातातला पाना पडला. "अगं, मी शेवटून दुसरी आले!" हे तिने पदक मिळाल्यासारखं सांगितलं. नलिनीने पदराची कोरडी बाजू शोधली, ती सापडली नाही, म्हणून तिने ओल्या पदरानेच लेकीचं तोंड पुसलं. चिखल इकडचा तिकडे झाला.

वंशीचे फोटो मात्र अप्रतिम आले. ते माझे नव्हेत असं म्हणायचा मोहही होतो, इतके चांगले. त्यातला एक मोठा छापून, चौकट करून आम्ही त्याच्या घरी पाठवला. त्याच्या आई यादम्मा. त्यांची टिफिनची, म्हणजे इडली-डोशाची, छोटी हातगाडी आहे, त्यामुळे रविवारी त्यांना कुठे हलता येत नाही, मुलाची एकही शर्यत त्यांनी पाहिलेली नव्हती. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. फोन नलिनीने घेतला.

"चाला बागुंदि अम्मा," त्या म्हणाल्या. फार छान आहे. मग हळूच म्हणाल्या, "कानी मोखम कनिपिस्तलेदु."

पण चेहरा दिसत नाही.

नलिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी खोलीतून निघून जावं की थांबावं मला कळेना. मग ती फोनमध्ये तिच्या मोडक्या तेलुगूत, अर्ध्या शब्दांना मराठी शेपट्या लावत, पण अगदी ठामपणे म्हणाली, "फोटोलो कनिपिंचदु अम्मा. मीरु रावालि." फोटोत दिसत नाही बाई. तुम्हीच यायला पाहिजे.

रेवा हिवाळ्यात गेली, तिकडेही पडली, उठली, एकदा चौथीही आली. आणि आता पुन्हा सप्टेंबर आला. गेल्या रविवारी यादम्मांनी टिफिनची गाडी बंद ठेवली, आयुष्यात पहिल्यांदा, असं त्या आमच्या मोटारीत बसताना तीनदा म्हणाल्या. मी सुलतान बाजारातल्या जिन्यावर यंदा गेलो नाही. दुकानदाराचा चहा चुकला, त्याचं वाईट वाटतं. कपाटातली छोटी लेन्स काढली, तिला बेगम बाजारातली पिवळ्या फुलांची टोपी घातली, आणि एक लालभडक शर्ट घालून निघालो. उरलेल्या टोप्या पिशवीत होत्या. मैदानावर पोचताच आभाळ फाटलं. नलिनीने पुडकं फोडून एक गुलाबी टोपी स्वतःच्या डोक्याला घातली, एक यादम्मांच्या अंबाड्यावर ताणून बसवली, आणि दोघी अनवाणी, बोटं आधी रोवत, सरळ जाळीला जाऊन भिडल्या.

मीही जाळीशीच उभा होतो, पण पाठ शर्यतीकडे करून. गाड्या वळणावर आल्या तो आवाज माझ्या बरगड्यांत शिरला आणि मी बटण दाबलं. फोटोत एकही मोटरसायकल नाही. दोन बाया आहेत, फुलाफुलांच्या टोप्यांतल्या. एकीने दुसरीचा दंड घट्ट धरलाय. दोघींची तोंडं सताड उघडी, डोळे मोठे, गालांवर लाल मातीचे शिंतोडे. छोटी लेन्स, पुरेसं अंतर, पापणीवरचा थेंबही स्वच्छ आलाय. त्यातला एक फोटो उप्पलला गेला, एक आमच्या जेवणघरात लागला.

रेवा काल जेवायला बसली, डावं कोपर माझ्या भाजीत घालून, आणि त्या फोटोकडे कितीतरी वेळ बघत राहिली. तिकडून धावताना तिला कधीच काही दिसलेलं नव्हतं, ना आमचं येणं, ना आमची तोंडं. भाकरी हातातच राहिली होती.

"आई," ती म्हणाली, "तू हट्टानं येतेस की हौसेनं?"

नलिनीने फडताळावरच्या पुडक्यातून एक कोरी टोपी काढली, तिची नीट घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.